जुन्या पिकअपचा सांगाडा

मोटारींच्या प्रदर्शनांत एखादी जुनी पिकअप मोटार उभी असली म्हणजे लोकांची दृष्टि प्रथम तिच्या रंगावर जाते, मग पुढच्या चकचकीत जाळीवर, मग लांकडी फळ्यांच्या हौद्यावर. खालीं वांकून पाहणारा क्वचितच आढळतो. वस्तुतः इंजिन, चालकाची खोली, हौदा आणि त्यांतील माल हें सर्व ज्याच्या आधारावर उभें असतें, तो पोलादी सांगाडा त्या खालच्या काळोखांतच असतो. घराची शोभा भिंतींवरून ठरते, पण त्याचें आयुष्य पायावरून ठरतें. मोटारीचेंहि तसेंच आहे.

अमेरिकेंत विसाव्या शतकाच्या मध्यावरील पिकअप मोटारी शोधून काढून त्या पुन्हां रस्त्यावर आणण्याचा छंद फार पसरलेला आहे. अशा मोटारीला पुष्कळदां नवें बलवान् इंजिन, नवे ब्रेक आणि पुढच्या चाकांची नवी जोडणी देण्यांत येते. हें सर्व ज्या सांगाड्यावर लादावयाचें, तो मुळांत त्यासाठीं घडविलेला नसतो. म्हणून तो बळकट करावा लागतो, कांहीं ठिकाणीं कापावाहि लागतो. हें काम अर्धवट ज्ञानानें केलें आणि भरधांव गाडीचा सांगाडा स्टिअरिंगच्या पेटीजवळ मोडला, तर चालकाबरोबर समोरून येणाऱ्या निरपराध माणसाचाहि प्राण धोक्यांत येतो. तेव्हां कोठें काय करावें आणि तें कां करावें, हें समजून घेणें अगत्याचें आहे.

पिकअपचा इतिहास आतां शंभर वर्षांचा झाला आहे. फोर्ड कंपनीनें १९२५ मध्यें आपल्या प्रसिद्ध मॉडेल टी मोटारीच्या मागें लहानसा हौदा जोडला आणि ती पिकअप या नांवानें कारखान्यांतूनच विकावयास काढली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ च्या उन्हाळ्यांत, शेव्हरोले कंपनीची ‘अ‍ॅडव्हान्स डिझाइन’ नांवाची मालिका निघाली. १९४८ सालची म्हणून फोर्डची एफ-१ आली. शेव्हरोलेची ती मालिका १९५५ च्या आरंभापर्यंत चालली. तिच्यांतील अर्ध्या टनाची ३१०० ही गाडी आज या छंदांतील लोकांची विशेष आवडती आहे. तिच्या पुढच्या व मागच्या आंसांतील अंतर ११६ इंच, आणि आरंभीच्या गाड्यांचें सहा सिलिंडरांचें इंजिन ९० अश्वशक्तीचें होतें. शेव्हरोले हें नांव मुंबईस परकें नव्हतें. १९२८ पासून शिवडी येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यांत या मोटारी जोडल्या जात असत. १९५४ मध्यें तें काम बंद पडलें.

अशा गाडीचा सांगाडा शिडीसारखा असतो. पुढून मागें गेलेल्या दोन लांब तुळया आणि त्यांना ठिकठिकाणीं जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, एवढाच त्याचा विस्तार. तुळई भरीव नसते. पोलादाचा जाड पत्रा दाबून तिला पन्हळीचा आकार दिलेला असतो, आणि ती पन्हळ कुशीवर उभी केलेली असते. बाहेरच्या अंगाला उभी भिंत आणि वर व खालीं आंत वळलेल्या दोन कडा, असें तिचें रूप. आडव्या पट्ट्या रिव्हेट ठोकून बसविलेल्या असतात. रिव्हेटचा सांधा पक्का असतो, तथापि त्यांत सूक्ष्म हालचालीला वाव राहतो.

हा वाव चुकून राहिलेला नाहीं. या गाड्या शेतकऱ्यांच्या आणि लहान व्यापाऱ्यांच्या उपयोगासाठीं होत्या. त्यांच्या पात्यांच्या कमानी ताठ असत आणि रस्ते खांचखळग्यांचे असत. एक चाक खळग्यांत गेलें कीं सांगाड्याला किंचित् पीळ बसे आणि त्यामुळें बाकीचीं तीन चाकें जमिनीवर टेकून राहत. म्हणजे सांगाडा हा स्वतः एक प्रकारची कमानच होती. जुन्या सांगाड्याला पीळ बसतो म्हणून तो दुबळा, असें समजणें बरोबर नाहीं. तो आपल्या कामापुरता योग्यच होता. आतां त्याला काम दुसरें सांगितलें जात आहे.

सांगाड्यावर मुख्यतः दोन प्रकारचीं बळें येतात. एक वांकविणारें आणि दुसरें पिळणारें. पहिलें समजण्यास सोपें आहे. दोन स्टुलांवर एक फळी टाकून मधोमध माणूस उभा राहिला म्हणजे फळी खालीं वांकते. त्या वेळीं तिचा वरचा पृष्ठभाग दाबला जातो व खालचा ताणला जातो. मधला थर मात्र ना दाबला जातो, ना ताणला जातो. तुळईचेंहि असेंच असतें. खरा भार तिच्या वरच्या आणि खालच्या कडा सोसतात. भिंतीच्या मध्यभागीं ताण थोडा असतो. यावरूनच कारागिरांचा एक नियम निघाला आहे. तुळईच्या कडांना भोंक पाडूं नये. पाडणें भागच असेल तर भिंतीच्या मध्यावर पाडावें. मागच्या आंसापलीकडे लोंबत्या राहिलेल्या भागांत प्रकार उलट होतो. तेथें वरची कड ताणली जाते आणि खालची दाबली जाते. म्हणून त्या भागांत भेग शोधतांना वरच्या कडेकडे अधिक लक्ष द्यावें.

पिळणाऱ्या बळाची गोष्ट निराळी आहे. पुठ्ठ्याची एक बंद नळी दोन्ही हातांनीं पिळून पाहावी. ती सहसा दाद देत नाहीं. तीच नळी एका बाजूनें उभी चिरून पुन्हां पिळावी. ती मुकाट्यानें पिळली जाते. पुठ्ठा तोच, वजन तेंच. फरक केवळ त्या चिरेचा. बंद आकारांत पिळण्याचें बळ भिंतींतून चहूंबाजूंनीं वर्तुळाकार फिरतें. आकार उघडा असला म्हणजे तें फिरणें खंडित होतें, आणि मग पत्र्याच्या जाडीखेरीज त्याला अडविणारें कांहीं उरत नाहीं.

हा फरक किती मोठा आहे हें हिशेबानें पाहतां येतें. १२५ मिलिमीटर उंचीची, ५० मिलिमीटर रुंद कडांची आणि ३ मिलिमीटर जाडीची एक पन्हळ घ्यावी. तिच्या उघड्या बाजूवर तितक्याच जाडीची पट्टी बसवून ती पेटीसारखी बंद करावी. वांकण्याला होणारा तिचा विरोध यामुळें सुमारें ३० टक्क्यांनींच वाढतो. परंतु पिळण्याला होणारा विरोध सहाशे पटींहून अधिक होतो. थोडेसें पोलाद वाढवून एवढा लाभ पदरांत पाडणारी दुसरी युक्ति नाहीं. म्हणूनच सांगाडा बळकट करणें म्हटलें कीं ‘बॉक्सिंग’, म्हणजे तुळईची पेटी करणें, हेंच प्रथम सांगितलें जातें. मात्र हा आंकडा एकट्या तुळईचा आहे. सबंध सांगाड्याचा ताठपणा आडव्या पट्ट्यांवर आणि सांध्यांवरहि अवलंबून असल्यामुळें तो इतक्या पटींनीं वाढत नाहीं. तुळया बंद केल्या आणि आडव्या पट्ट्या ढिल्याच ठेवल्या, तर श्रमाचा मोठा भाग वायां जातो. मध्यभागीं फुलीच्या आकाराचा आधार बसविण्याची पद्धति याच कारणानें निघाली. सांगाडा पिळूं लागला कीं फुलीच्या भुजांना वांकावें लागतें, आणि वांकण्याला त्या चांगला विरोध करितात.

आतां, मूळ गाडीला जें पुरेसें होतें तें बदललेल्या गाडीला अपुरें कां पडतें? पहिलें कारण इंजिन. ९० अश्वशक्तीच्या जागीं तिप्पट-चौपट बळाचें इंजिन बसविलें, कीं तें चाकांना जितक्या जोरानें फिरवितें तितक्याच जोरानें सांगाड्याला उलट पिळूं पाहतें. आणि सर्वांत खालच्या गिअरमध्यें हा जोर कित्येक पट होतो. दुसरें कारण पुढच्या चाकांची जोडणी. मूळ गाडीला पुढें एकसंध आंस आणि लांब कमानी होत्या. प्रत्येक कमान तुळईला दोन दूरदूरच्या ठिकाणीं टेकत असल्यामुळें भार विभागला जाई. त्या जागीं आतां प्रत्येक चाकाला स्वतंत्र हालचाल देणारी जोडणी घालतात. १९७४ सालची म्हणून निघालेल्या फोर्ड मस्टँग दोनच्या धर्तीवरील जोडणी यासाठीं फार लोकप्रिय आहे. तिच्यांत सर्व भार एकाच आडव्या तुळईवर एकवटतो. शिवाय चाकांचे कोन सांगाड्याच्याच आधारानें ठरत असतात. सांगाडा पिळला कीं ते कोन बदलतात, आणि चालकाच्या हातांतील गाडी सरळ धांवेनाशी होते. तिसरें कारण मागील आंसाचें. ३१०० च्या जुन्या गाड्यांत इंजिनाची शक्ति मागें नेणारा दांडा एका जाड नळींत बंद असे, आणि चाकांचा रेटा त्या नळीच्या द्वारें पुढें पोंचे. ती नळी काढून उघडा दांडा घातला, कीं तो रेटा मागच्या कमानींच्या आधारांवर येऊन पडतो. ते आधार त्या दृष्टीनें तपासून घ्यावे लागतात.

प्रत्यक्ष कामाचा आरंभ वेल्डिंगनें नव्हे, स्वच्छतेनें होतो. वंगण, चिखल आणि जुना रंग निघून पोलाद उघडें पडल्यावांचून त्याची परीक्षा करितां येत नाहीं. भेगा बहुधा ठराविक जागीं सांपडतात. स्टिअरिंगच्या पेटीभोंवतीं, कमानींच्या आधारांपाशीं, इंजिनाच्या बैठकीजवळ आणि मागाहून कोणीं पाडलेल्या भोंकांच्या कांठाशीं त्या शोधाव्या. रिव्हेटच्या डोक्याखालून तांबडा ओघळ आलेला दिसला तर तो रिव्हेट हलत आहे असें समजावें. दोन पत्रे एकमेकांवर आले असतील तेथें विशेष बारकाईनें पाहावें. गंज हा मूळ पोलादापेक्षां अधिक जागा व्यापतो आणि पत्र्यांच्या मध्यें फुगून त्यांना पाचरीसारखा दूर सारतो. गंजानें पत्रा पातळ झाला असेल तर त्यावर नवी पट्टी लावण्यांत अर्थ नाहीं. कुजलेला भाग कापून काढून चांगल्या पोलादालाच नवें पोलाद जोडलें पाहिजे.

यानंतर मोजणी. सांगाडा चार भक्कम आधारांवर ठेवून पाणसळीनें सपाट करावा. कारखान्यानें पाडलेल्या मूळ भोंकांतून ओळंबा सोडून जमिनीवर खडूच्या खुणा कराव्या आणि त्या खुणांमधील कर्ण मोजावे. सांगाडा पुढें अरुंद व मागें रुंद असला, तरी डावी-उजवी बाजू सारखी असल्यामुळें दोन्ही कर्ण समानच आले पाहिजेत. त्यांत ३ मिलिमीटरांहून अधिक अंतर पडलें, तर पूर्वीं कधीं तरी अपघातानें सांगाडा सरकला आहे कीं काय, हें पाहावें. वांकडा सांगाडा तसाच पेटीबंद केला तर तो वांकडेपणा कायमचा होऊन बसतो. कर्ण जुळले, सपाटी साधली, कीं तात्पुरते आडवे दांडे जोडून ती स्थिति बांधून टाकावी.

वेल्डिंग करण्यापूर्वीं बॅटरी सोडवावी आणि पेट्रोलची टांकी गाडीपासून दूर न्यावी. रिकामी टांकी अधिक धोक्याची असते, कारण तिच्यांत पेट्रोलची वाफ कोंडलेली राहते. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केल्यास जो धूर निघतो त्यानें थंडीताप भरतो. म्हणून तो मुलामा आधीं घांसून काढावा आणि हवा खेळती ठेवावी.

पेटी करण्यासाठीं लागणारी पट्टी तुळईइतक्याच जाडीची किंवा किंचित् जाड, म्हणजे सुमारें ३ ते ५ मिलिमीटर, असावी. प्रथम पुठ्ठ्याचा नमुना कापून तो तुळईच्या वळणाशीं जुळवावा आणि मग त्याबरहुकूम पोलाद कापावें. पट्टी बसविण्यापूर्वीं विचार करण्याच्या गोष्टी दोन. एक, पेटी बंद झाल्यावर आंत हात जाणार नाहीं. ब्रेकच्या नळ्या, तारा आणि बोल्ट यांची सोय तत्पूर्वींच करावी. पेटीतून आरपार बोल्ट न्यावयाचा असेल तर आंत नळीचा तुकडा घालून तो दोन्हीकडे पक्का करावा. नाहींतर नट आवळतांना पेटीच्या भिंती आंत दबतात आणि बोल्ट कधींच घट्ट राहत नाहीं. दोन, बंद पेटींत पाणी सांचतें. तिच्या सर्वांत खालच्या भागीं पाण्याला वाट ठेवावी आणि काम संपल्यावर आंतून गंजरोधक मेण किंवा रंग फवारावा. हें न केल्यास बाहेरून नवा दिसणारा सांगाडा आंतून पोंखरला जातो आणि कोणास त्याचा पत्ता लागत नाहीं.

वेल्डिंगचा खरा शत्रु उष्णता हा आहे. एक मीटर लांबीचें पोलाद १०० अंश सेंटिग्रेडनें तापलें तर सुमारें सव्वा मिलिमीटर वाढतें. वेल्डिंगच्या जागीं तर तें वितळेपर्यंत तापतें. वितळलेलें पोलाद थिजतांना आकसतें आणि तुळईला आपल्याकडे ओढतें. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग टांका घालीत गेल्यास सरळ तुळई धनुष्यासारखी वांकते. म्हणून जाणता कारागीर इंच-दीड इंचाचा एक टांका येथें, दुसरा दूर पलीकडे, तिसरा दुसऱ्या तुळईवर, असें करीत जातो आणि मध्यें पोलादाला निवूं देतो. अधूनमधून तो कर्णहि पुन्हां मोजून पाहतो. घाई करणाऱ्याचें काम एका दिवसांत होतें. परंतु त्याचा वांकलेला सांगाडा पुन्हां सरळ करण्यास आठवडा लागतो.

भेग पडलेली असेल तर ती नुसती भरून चालत नाहीं. भेगेचें टोक अत्यंत तीक्ष्ण असतें आणि सर्व ताण त्या टोकाशीं जमा होतो. कापडाला थोडा फाडा पडला म्हणजे पुढें तें सहज फाटत जातें, तसाच हा प्रकार. प्रथम त्या टोकाशीं ५-६ मिलिमीटरांचें गोल भोंक पाडावें, म्हणजे भेगेची धांव थांबते. मग भेग कानशीनें किंवा घांसणीच्या यंत्रानें रुंद करून ती तळापर्यंत भरावी आणि वर आधाराची पट्टी लावावी. या पट्टीचा आकार महत्त्वाचा आहे. ती चौकोनी असूं नये; दोन्ही टोकांना निमुळती, शंकरपाळ्यासारखी असावी. चौकोनी पट्टीचा उभा टांका तुळईला एकाच रेषेंत आडवा छेदतो, आणि पुढची भेग नेमकी त्याच रेषेवर पडते. निमुळत्या पट्टीमुळें बळकट भागाकडून साध्या भागाकडे ताण हळूहळू उतरतो. याच कारणानें कडेवर आडवा टांका घालूं नये.

गाडी जमिनीलगत आणण्याची हौस पुष्कळांस असते. त्यासाठीं मागील आंस कमानीच्या खालून काढून वर बसवितात. मग खळगा आला कीं आंस वर उसळून तुळईवर आदळतो, आणि त्याला जागा देण्यासाठीं तुळई खालून कमानदार कापावी लागते. हा कांप सर्वांत धोक्याचा होय. फळीची उंची निम्मी केली तर तिची ताठरता आठव्या हिश्श्यावर येते, आणि येथें तर ताण सोसणारी खालची कडच कापली जाते. म्हणून कापलेल्या कमानीच्या आंतून जाड पोलादाची नवी वळणदार कड बसवावी, आणि भिंतीला दोन्ही अंगांनीं पट्ट्या लावून त्या कांपाच्या पुढें व मागें बऱ्याच दूरवर न्याव्या. कांपाला टोंकदार कोंपरा कोठेंहि ठेवूं नये. कोंपरा म्हणजे भेगेला दिलेलें आमंत्रण.

इतकें वाचून एखाद्यास वाटेल कीं, मग सर्व सांगाडाच भरपूर जाड करून टाकावा. तेंहि हिताचें नाहीं. साखळीचा बळकटपणा तिच्या सर्वांत दुबळ्या कडीवर मोजला जातो. सांगाड्याचा पुढचा भाग अतिशय ताठ केला आणि मागचा मुळासारखाच लवचिक ठेवला, तर सर्व पीळ त्या दोहोंच्या सीमेवर एकवटतो. आणि पट्टी जेथें संपते तेथेंच कांहीं वर्षांनीं तडा जातो. म्हणून पट्टी एकदम तोडूं नये, निमुळती करून संपवावी, आणि शक्य तर एखाद्या आडव्या पट्टीपाशीं संपवावी. त्याचप्रमाणें येथील नियम आजच्या मोठ्या मालमोटारींना लावूं नयेत. त्यांच्या तुळया बहुधा उष्णतेची प्रक्रिया दिलेल्या कणखर पोलादाच्या असतात, आणि वेल्डिंगच्या उष्णतेनें त्यांचें बळ घटतें. जुन्या हलक्या पिकअपचें पोलाद सामान्यतः मऊ असल्यामुळेंच तें हें काम सहन करितें.

आपल्या देशांत असें काम करूं इच्छिणाऱ्यानें कायद्याचाहि विचार केला पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, नोंदणीपत्रांतील तपशील कारखान्यानें ठरविलेल्या तपशिलापेक्षां भिन्न होईल असा बदल मालकाला करितां येत नाहीं. आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें या कलमाचा अर्थ कडकपणें लावला आहे. गंजलेला भाग दुरुस्त करणें निराळें आणि गाडीचें मूळ स्वरूप पालटणें निराळें. कापण्यापूर्वींच परिवहन कार्यालयांत चौकशी करणें शहाणपणाचें होय.

शेवटीं एक प्रश्न उरतो, आणि तो पोलादाचा नसून विवेकाचा आहे. ज्या गाडीचा सांगाडा सत्तर वर्षें टिकून अजूनहि निर्दोष आहे, त्याचे रिव्हेट घट्ट आहेत आणि त्यावर कारखान्याच्या खुणा शाबूत आहेत, ती गाडी कापावी काय? मूळचेंच इंजिन ठेवून बेताच्या वेगानें ती चालवावयाची असेल तर तिला या शस्त्रक्रियेची गरज नाहीं. स्वच्छता, रंग आणि सैल रिव्हेटांची दुरुस्ती एवढ्यावर ती आणखी एक पिढी काढील. उलट गंजून मोडकळीस आलेल्या, भंगारांत जाणाऱ्या सांगाड्याला नवें जीवन देणें हें पुण्यकर्मच होय. बोल्टनें जोडलेलें उद्यां काढतां येतें. कापलेलें मात्र पुन्हां पूर्ववत् होत नाहीं. म्हणून हातांत करवत घेण्यापूर्वीं मोजपट्टी घ्यावी, आणि मोजपट्टी घेण्यापूर्वीं आपणांस या गाडीकडून कोणतें काम घ्यावयाचें आहे हें ठरवावें. तें ठरलें म्हणजे पट्टी किती जाड, टांका कोठें आणि कांप घालावा कीं घालूं नये, याचें उत्तर सांगाडा स्वतःच देतो.